तक्रार म्हणजे निदान नव्हे

खंबाटकीच्या घाटात पावसाळ्यात गाडी रुसणे ही काही रविवारच्या पुरवणीत सांगावी अशी घटना नव्हे. पुणे-सातारा रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाकडे अशी एकतरी हकीकत असतेच. तरीही सांगतो आहे, कारण त्या घाटात सुरू झालेली गोष्ट पुढे दोन महिने चालली, तिच्यात माझे तीसेक हजार रुपये गेले आणि शेवटी ती मला माझ्याच बँकेतल्या सतरा वर्षांपूर्वीच्या एका फाईलपाशी घेऊन गेली.

जुलै २०२३. सौ.चे थोरले बंधू ऑपरेशन होऊन साताऱ्याला घरी आले होते. त्यांना भेटायला आम्ही दोघे निघालो. गाडी आमचीच, २०१४ साली घेतलेली, डिझेलवर चालणारी. खंडाळ्यानंतर पाऊस वाढला. घाट निम्मा चढलो असू, तोच पायाखालचा अ‍ॅक्सिलरेटर जणू कुणी काढून घेतला. इंजिन चालू होते, पण पाय कितीही दाबला तरी गाडी वेग घेईना. समोर पिवळा दिवा लागला. मागे मालाने भरलेला दहाचाकी ट्रक हॉर्न वाजवत होता.

"अहो, बाजूला घ्या ना!" सौ. म्हणाली.

"घ्यायला बाजू कुठेय?" मी म्हणालो.

गाडी रांगत रांगत कशीबशी एका मोकळ्या जागेपर्यंत पोचली. किल्ली बंद केली, पाच मिनिटे थांबलो, पुन्हा सुरू केली, तर काही झालेच नव्हते अशा थाटात ती साताऱ्यापर्यंत धावली. रोग डॉक्टरच्या दारात नाहीसा व्हावा, तसे.

पुण्यात परतल्यावर गाडी सर्व्हिस सेंटरमध्ये नेली. तिथल्या तरुणाने स्टिअरिंगखालच्या खोबणीत स्कॅनरची पिन खोचली आणि मिनिटभरात पडद्यावर उत्तर आले : 'पी २१३८'. पुढे इंग्रजीत एक लांबलचक ओळ होती. तिच्यात थ्रॉटल आणि पेडल हे दोन्ही शब्द तिरप्या रेघेने जोडलेले होते. तरुणाने त्यातला पहिला शब्द वाचला. "सर, थ्रॉटल बॉडी गेलीय. बदलावी लागेल." किंमत एकोणीस हजारांच्या पुढे. यंत्रानेच सांगितल्यावर मी कोण विचारणारा? सही केली.

इथे थोडे थांबून ही थ्रॉटल काय चीज आहे ते सांगायला हवे. कारण ते मला स्वतःला तोवर ठाऊक नव्हते आणि ठाऊक असते तर ती सही मी केली नसती.

पेट्रोलच्या इंजिनात हवा आत जाण्याच्या वाटेवर एक गोल झडप असते. आपण पाय दाबला की ती उघडते आणि जास्त हवा आत जाते. तेवढ्या हवेला पुरेल इतके पेट्रोल मग दिले जाते. म्हणजे पेट्रोल इंजिनात आपण हवा मोजतो. डिझेलचे उलटे आहे. तिथे हवा मोकळी सोडलेली असते आणि मोजायचे ते इंधन. त्यामुळे वेग वाढवण्या-कमी करण्यासाठी डिझेलला मुळात ही झडप लागतच नाही. तरी आजच्या डिझेल गाड्यांत ती असते, पण वेगळ्या कामांसाठी. धुरातला काही भाग पुन्हा इंजिनात फिरवला की जळणाचे तापमान उतरते आणि नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड कमी होतात. तो धूर आत ओढला जावा म्हणून ही झडप थोडी मिटते. किल्ली बंद केली की हवा तोडण्यासाठी ती क्षणभर पूर्ण मिटते, त्यामुळे इंजिन धडधडत न थांबता शांतपणे थांबते. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आले. त्यानंतरच्या डिझेल गाड्यांत काजळीची गाळणी जाळून साफ करण्यासाठीही तिचा उपयोग होतो.

ही झडप बिघडत नाही असे नाही. फिरवलेल्या धुराची काजळी आणि इंजिनातल्या तेलाची वाफ यांची खळ तिच्या कडेवर बसते आणि ती अडकते. ती फिरवणाऱ्या छोट्या मोटरचे प्लास्टिकचे दाते झिजतात. पण त्या बिघाडांचे कोड वेगळे आहेत. 'पी २१३८' हा पायाखालच्या पेडलच्या सेन्सरचा कोड. तरुणाने तिरप्या रेघेच्या अलीकडचा शब्द वाचला आणि मी पैसे भरले.

गाडी तीन आठवडे उत्तम चालली. ऑगस्टात पुन्हा साताऱ्याला निघालो, पुन्हा पाऊस, पुन्हा तोच घाट आणि पुन्हा पायाखाली पोकळी. या खेपेस सर्व्हिस सेंटरने पेडल बदलले. आठ हजार दोनशे. पुन्हा दोन आठवडे सुखाचे आणि पुन्हा घाट. तिसऱ्यांदा फोन केला तेव्हा पलीकडून थंडपणे सांगण्यात आले, "सर, आता ईसीएमच राहिला." ईसीएम म्हणजे गाडीचा मेंदू. अंदाजे खर्च बासष्ट हजार.

मेहुण्यांच्या अंगणात गाडी उभी होती. ते अंथरुणावरूनच म्हणाले, "मेंदू बदलण्याआधी आमच्या मिस्त्रींना एकदा दाखवा."

साताऱ्याच्या एमआयडीसीत मागच्या रस्त्याला पत्र्याची शेड. मिस्त्री साठीच्या आसपासचे, नाकावर चष्मा, खिशात टेस्टर. सगळी हकीकत ऐकून त्यांनी गाडीला हात लावला नाही. आधी मलाच प्रश्न विचारले. कुठे बंद पडते? चढावरच का? पाऊस नसताना कधी झालं? गाडी रात्री कुठे लावता? मी म्हणालो, सोसायटीत, गुलमोहराखाली. त्यांनी मान हलवली. माझ्या नवऱ्या मुलाच्या मुलाखतीत सासऱ्यांनीही इतक्या चौकशा केल्या नव्हत्या.

मग त्यांनीही स्कॅनरच लावला. पण कोड पाहून तो बाजूला न ठेवता पेडलचे चालू आकडे पडद्यावर आणले. "साहेब, हे बघा. पेडलमधी दोन सेन्सर असत्यात. एक सांगतो पाऊण व्होल्ट, दुसरा त्याच्या निम्मं. पाय दाबला की दोन्ही वाढणार, पण पहिला कायम दुसऱ्याच्या दुप्पट. हा हिशोब मोडला की कॉम्प्युटर म्हणतो, माझा तुमच्या पायावर इश्वास नाय."

छत्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला हे लगेच कळले. तिजोरीला दोन किल्ल्या, मोठ्या चेकला दोन सह्या. दोन सह्यांत मेळ नसला तर चेक पास करायचा नाही, एवढे कॅशियरला कळते. त्यात खोटी सही कोणाची, हे त्याला कळत नाही. गाडीचा संगणक तेवढेच करतो. दोन साक्षींत मेळ नाही म्हटल्यावर तो धोका पत्करत नाही, इंजिनाची ताकद काढून घेतो आणि तक्रार लिहून ठेवतो. साक्ष खोटी का झाली, हे त्याला कळत नाही. पेडल खराब असेल, वायर तुटली असेल, कपलरमध्ये पाणी असेल, या सगळ्यांचा कोड एकच.

आकडे तर अगदी बरोबर होते. पाऊण आणि त्याच्या निम्मे : ०.७५ आणि ०.३७. आता काय? मिस्त्रींनी गाडीची पुढची चाके दोन लाकडी ठोकळ्यांवर चढवली. "ह्यो झाला खंबाटकी," म्हणाले. मग पोराला बादली आणायला सांगितली आणि वायपरच्या खाली जी जाळी असते तिच्यावर मगाने पाणी ओतायला बसवले. "हा झाला पाऊस." आम्ही चहा घेतला. वीसेक मिनिटांनी पडद्यावरचा दुसरा आकडा सरकू लागला. ०.३७ चे ०.४५, मग ०.५२, मग ०.६०. पिवळा दिवा लागला. मिस्त्री हसले. "आली बघा."

मला त्या क्षणी जो आनंद झाला तो कादंबरी छापून आल्यावरही झाला नव्हता.

मग त्यांनी पेडलच्या कपलरच्या मागून बारीक सुई घातली आणि मीटरचे दुसरे टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावले. परतीच्या वायरवर जवळपास शून्य यायला हवे होते. तिथे पाव व्होल्ट दिसला. कपलर उघडला. सहा पिनांपैकी एक हिरवी पडली होती. त्या एका पिनेच्या गंजामुळे दुसऱ्या सेन्सरचा पायाच पाव व्होल्टने उचलला जात होता आणि त्याचा प्रत्येक आकडा तेवढा फुगत होता. पाणी आले होते वरून. गुलमोहराची बारीक पाने वायपरखालच्या पन्हळीत साचून तिचे भोक बुजले होते. सपाटीवर पाणी तिथेच तुंबून राही. गाडी चढाला लागली की ते मागे सरके, वायरिंग जिथून आत येते त्या रबरी बुचातून झिरपे आणि वायर धरून थेट कपलरमध्ये उतरे.

मधल्या दोन 'यशस्वी' दुरुस्त्यांचाही उलगडा झाला. थ्रॉटल बदलताना कोड पुसला गेला आणि नंतर पावसाने उघडीप दिली. पेडल बदलताना कपलर काढून पुन्हा बसवला, त्यात पिन थोडी घासून निघाली. दोन्ही वेळा रोग काही काळ लपला आणि श्रेय नव्या भागाला मिळाले.

दुरुस्ती तासाभराची. नवी पिन लावली, बूच सील केले, पन्हळ साफ केली. शेवटी मिस्त्रींनी वायरला कपलरच्या अलीकडे खाली झोळ दिला, म्हणजे पुढे कधी पाणी आलेच तर ते झोळाच्या तळाशी ठिबकून जाईल, वर चढून कपलरमध्ये शिरणार नाही. बिल मागितले. त्यांनी पावतीवर लिहिले : 'कपलर साफ, पिन नवीन. ३५० रु.' सकाळचे चार तास त्या पावतीत कुठेच नव्हते. मी अडीच हजार पुढे केले. ते घेईनात. शेवटी "डोक्याचे पैसे" म्हणून ठेवून आलो.

मी बँकेत लागलो १९८३ साली. तेव्हा शाखेत संगणक नव्हता. महिनाअखेरीस लेजरची बेरीज आणि जनरल लेजरचा आकडा जुळवायचा, न जुळला तर रात्र तिथेच. आमचे हेड क्लार्क फरकाचा आकडा पाहूनच विचार सुरू करायचे. फरकाला नऊने भाग जातो का? मग कुणीतरी ५४ चे ४५ लिहिले असणार, उलटे आकडे शोधा. फरकाचा निम्मा आकडा एखाद्या व्हाउचरवर सापडतो का? मग जमेची रक्कम नावे पडली असणार. फरक हा त्यांच्या लेखी तपासाचा पहिला धागा असे. 'सस्पेन्स' खात्यात टाकून घरी जाऊ, असे कुणी सुचवले तर ते चष्म्यावरून नुसते पाहायचे. शेडमधल्या मिस्त्रींकडे बघताना मला ते हेड क्लार्क आठवले. आणि लगेच मागून आठवली ती फाईल.

२००६ साल. मी एका औद्योगिक वसाहतीतल्या शाखेचा मॅनेजर होतो. शाखा नुकतीच संगणकावर आली होती. हप्ता किंवा व्याज नव्वद दिवसांहून अधिक थकले की खाते अनुत्पादक, हा नियम मार्च २००४ पासून लागू झाला होता. आता ती यादी यंत्रच काढून देऊ लागले. त्या यादीत एका लेथवाल्याचे नाव आले. दोन लेथ, तीन कामगार, सहा लाखांचे कर्ज. तो दोनदा येऊन सांगून गेला होता की मोठ्या गिऱ्हाइकाकडे बिल अडकले आहे. मी त्याच्या शेडवर गेलो नाही. गिऱ्हाइकाला फोन केला नाही. वरून वसुलीचे तगादे होते आणि समोर यंत्राने छापलेली यादी. २००२ च्या सरफेसी कायद्याखाली साठ दिवसांच्या नोटिशीवर मी सही केली. पुढचे सगळे रीतसर झाले. लेथ लिलावात गेले. लिलावानंतर पाच आठवड्यांनी त्याच्या गिऱ्हाइकाचा चेक आमच्याच शाखेत, त्याच्याच खात्यात जमा झाला. ते व्हाउचर माझ्या टेबलावरून गेले. थकलेल्या सगळ्या हप्त्यांना तो पुरला असता.

ऑडिटमध्ये त्या फाईलवर एकही शेरा आला नाही. नव्वद दिवस झाले होते, हे खरेच होते. यंत्र खोटे बोलले नव्हते. पण हप्ता थकला ही तक्रार आणि माणूस बुडाला हे निदान, यांच्यामध्ये जे एक चालून जाण्याचे अंतर होते, ते मी चाललो नाही. सर्व्हिस सेंटरमधल्या त्या तरुणावर मी रागावलो खरा, पण त्याने माझे तीस हजारच घालवले.

त्या तरुणाची बाजूही पाहिली पाहिजे. त्याला दिवसाला अमुक इतक्या गाड्या बाहेर काढायच्या असतात. भाग बदलला तर बिलावर ओळ येते. चार तास विचार केला, बादलीभर पाणी ओतले, तर त्याची ओळ कुठे घालणार? आपण गिऱ्हाइकेही तशीच आहोत. एकोणीस हजारांच्या नव्या कोऱ्या डब्याचे पैसे मुकाट्याने देतो आणि 'नुसतं बघितलं' म्हणून कुणी पाचशे मागितले तर तोंड वाकडे करतो. वस्तूला किंमत आणि विचार फुकट, हा हिशोब आपणच घालून दिला आहे. मग दुकानात वस्तूच मिळणार.

जुन्या मिस्त्रींचे सगळेच सोने होते, असेही मला म्हणायचे नाही. कार्बोरेटरच्या काळात इंजिनाला कान लावून छातीठोक चुकीचे निदान करणारे उस्ताद मी पाहिले आहेत. स्कॅनर हे वरदान आहे. शेडमधला बिघाड स्कॅनरच्या पडद्यावरच पकडला गेला. फरक एवढाच की एकाने त्याच्यावर निकाल वाचला आणि दुसऱ्याने त्याला साक्षीदार म्हणून उभे करून उलटतपासणी घेतली.

मात्र अशी उलटतपासणी घेणाऱ्याच्या हाती कागदपत्रे हवीत. मिस्त्रींची खरी अडचण वायरिंगच्या नकाशांची. कोणती वायर कुठे जाते हे कंपनीच्या दस्तऐवजात असते आणि ते बाहेरच्या गॅरेजला सहजी मिळत नाही. हे रडगाणे फक्त त्यांचे नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो याच मुद्द्यांवर : सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजना मिळू दिली जात नाहीत. त्यावर अपिले झाली. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टलही सुरू केले. पत्र्याच्या शेडमधला मिस्त्री मात्र २०२३ सालीही मित्राच्या मोबाइलवर आलेला पुसट नकाशा मोठा करून पाहत होता. त्यांचा मुलगा या धंद्यात आला नाही. "त्याला एसीत बसायचंय," मिस्त्री म्हणाले. तक्रारीचा सूर नव्हता, माहिती दिल्यासारखे म्हणाले.

डिझेल गाड्या जातील, विजेच्या येतील, मग ही कटकट संपेल, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी एक गोष्ट. विजेच्या गाडीतही पायाखाली पेडल असतेच आणि त्यातही एकमेकांवर नजर ठेवणारे दोन सेन्सर असतात. इंधन बदलेल. कपलर, पिन आणि गुलमोहराची पाने राहणार आहेत.

तोवर आपल्या हाती एवढे आहे. भाग बदलायला सही करण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. मोजून काय आढळले? बिघाड तुमच्यासमोर पुन्हा घडवून पाहिला का? आणि काढलेला जुना भाग मला परत मिळेल का? माझी जुनी थ्रॉटल मी मागून घेतली होती. मिस्त्रींनी ती पुसून, बोटाने झडप दाबून पाहिली. झडप स्प्रिंगच्या जोराने ताडकन जागेवर आली. "हिला काय झालंय?" त्यांनी विचारले. ती सध्या माझ्या लिहिण्याच्या टेबलावर कागद दाबायला आहे. चौथा प्रश्न स्वतःला विचारावा : निदानाचे पैसे वेगळे द्यायची माझी तयारी आहे का?

त्या पावसाळ्यात आणखी दोनदा घाट चढलो. गाडीने हूं की चूं केले नाही. सौ.ने दोन्ही वेळा त्या मोकळ्या जागेपाशी आपोआप हँडल धरले आणि पुढे गेल्यावर सोडले.

लेथवाल्याचा पत्ता माझ्या २००६ च्या डायरीत आहे. निवृत्तीनंतर घरातली रद्दी अनेकदा काढली, ती डायरी राहिली. त्या वसाहतीचा रस्ता मला तोंडपाठ आहे. तिथे जायला घाटही लागत नाही. अजून गेलेलो नाही.